घरच्या बीपी मशीनचा आकडा कितपत खरा? मशीन निवडण्याची, मोजण्याची आणि पडताळण्याची रीत

बीपीच्या मशीनच्या खोक्यावर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते: अचूकता ±३ एमएमएचजी (बीपी मोजायचं एकक). घेणारा ती वाचतो आणि धरून चालतो, की पडद्यावर १४० दिसलं तर आपलं बीपी १३७ ते १४३ च्या मध्ये कुठेतरी असणार. पण हे ±३ पट्ट्यातल्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरबद्दल असतं. पट्ट्यात १४० दाब आहे हे मशीनला नीट कळतं, एवढीच ती हमी. त्या हवेवरून तुमच्या धमनीतला दाब किती हे काढणं हा पुढचा हिशेब, आणि खरी गफलत तिथे होते.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी ८५ जणांना आपापली घरची मशीनं घेऊन बोलावलं आणि प्रशिक्षित माणसांनी स्टेथोस्कोप लावून मोजलेल्या आकड्यांशी ती ताडून पाहिली. २०१७ मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात दहापैकी साधारण सात मशीनं ५ किंवा जास्त आकड्यांनी चुकत होती, तर दहापैकी तीन १० किंवा जास्त आकड्यांनी. बीपीची एक गोळी साधारण तेवढंच बीपी उतरवते. म्हणजे चुकलेल्या मशीनपायी एक गोळी विनाकारण सुरू होऊ शकते, किंवा सुरू व्हायची ती राहून जाऊ शकते.

म्हणून घरी मोजायचंच नाही का? उलट, मोजायलाच हवं. दवाखान्यात जिना चढून, रांगेत ताटकळून, डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या घेतलेल्या एकट्या आकड्यापेक्षा घरच्या आठवडाभराच्या आकड्यांची सरासरी जास्त कामाची असते. काही जणांचं बीपी फक्त दवाखान्यातच चढतं. काहींचं दवाखान्यात शहाण्यासारखं वागतं आणि घरी चढलेलं असतं, आणि हे दुसरं जास्त धोक्याचं, कारण ते कुणाच्या लक्षातच येत नाही. फक्त मशीन आणून दंडाला गुंडाळलं की झालं, असं हे काम नाही.

मशीन आत काय करतं

डॉक्टर पट्ट्यात हवा भरतात, कोपराच्या खळग्यात स्टेथोस्कोप धरतात आणि हवा सोडताना ठोके ऐकतात. ठोका पहिल्यांदा ऐकू आला तो वरचा आकडा, आवाज बंद झाला तो खालचा. दंडाला पट्टा आवळायची कल्पना इटलीच्या रिवा-रोचीची, १८९६ ची. ठोके ऐकायची रीत रशियन शल्यविशारद कोरोत्कोव्ह याने १९०५ मध्ये मांडली.

घरचं डिजिटल मशीन काही ऐकत नाही. ते पट्ट्यातल्या हवेची थरथर मोजतं. पट्टा आवळून धमनी दाबली आणि मग दाब हळूहळू उतरवला, की प्रत्येक ठोक्याला धमनीची भिंत पट्ट्याला बारीक धक्का देते. हे धक्के वाढत जातात, एका ठरावीक दाबाला सर्वांत मोठे होतात आणि मग विरत जातात. सर्वांत मोठा धक्का जिथे बसतो, तो दाब धमनीतल्या सरासरी दाबाच्या जवळचा असतो. मशीनला बऱ्यापैकी थेट कळतं ते एवढंच. वरचं आणि खालचं बीपी ते या धक्क्यांच्या चढउतारावरून सूत्र लावून काढतं. सूत्र ज्या त्या कंपनीचं, आणि कंपन्या ते सहसा उघड करत नाहीत. त्यामुळे दोन चांगल्या कंपन्यांची मशीनं एकाच दंडावर वेगवेगळे आकडे दाखवतात आणि दोन्ही आपापल्या जागी बिनबिघाडाची असतात.

यातली खोच अशी, की वयाने, मधुमेहाने किंवा जुन्या बीपीने ज्यांच्या धमन्या कडक झाल्यात त्यांच्या धक्क्यांचा आकार वेगळा येतो, आणि सूत्र तिथे अडखळतं. ज्याला मशीनची गरज जास्त, त्याच्याच दंडावर ते चुकण्याची भीती जास्त.

थोडं विषयांतर. पट्ट्याची पद्धत मुळातच जराशी तिरकी आहे. धमनीत सुई घालून थेट मोजलेल्या दाबाशी तुलना केली तर पट्टा वरचं बीपी सरासरी ५-६ ने कमी आणि खालचं जवळपास तेवढंच जास्त दाखवतो, असं अनेक अभ्यासांच्या २०१७ च्या एकत्रित आढाव्यात दिसलं. पण उपचाराच्या सगळ्या रेघा, बीपी जास्त आहे हे ठरवणारी ती १४०/९० सुद्धा, पट्ट्याच्याच आकड्यांवर आखलेल्या आहेत. तेव्हा ही काळजी संशोधकांवर सोडून द्यावी.

मशीन घेताना

दंडाला लावायचं मशीन घ्या. मनगटाचं मशीन दिसायला सुटसुटीत, पण मनगट छातीच्या रेषेत धरलं नाही तर आकडा हमखास घसरतो किंवा चढतो. दंड इतका जाड किंवा वर रुंद खाली निमुळता आहे की कुठलाच पट्टा बसत नाही, अशांपुरतं ते ठेवावं. बोटाला लावायची मशीनं बीपीसाठी विसरा. पट्टा न आवळता बीपी सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या यांवर गोळ्यांचे निर्णय घेऊ नयेत, असं युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनचं म्हणणं आहे. यातल्या पुष्कळ घड्याळांना अधूनमधून पट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं, मग पट्ट्याचंच मशीन वापरलेलं काय वाईट?

आता मॉडेल. कंपनी नामांकित आहे एवढ्यावर जाऊ नका, खोक्यावरचा मॉडेल क्रमांक बघा. बीपीच्या मशीनची स्वतंत्र चाचणी होते तिचा आंतरराष्ट्रीय नियम २०१८ पासून एकच आहे. किमान ८५ माणसांवर, वेगवेगळ्या जाडीच्या दंडांवर, कमी-जास्त बीपीवर मशीनचे आकडे दोन प्रशिक्षित निरीक्षकांनी कानाने मोजलेल्या आकड्यांशी ताडतात. सरासरी फरक ५ च्या आत आणि आकड्यांचा विखुरलेपणा ८ च्या आत राहिला तर मशीन पास. कुठली मॉडेलं पास झाली याची यादी स्ट्राइड बीपी या संकेतस्थळावर फुकट बघता येते. दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर मॉडेल क्रमांक टाकला की दोन मिनिटांत कळतं. एकाच कंपनीचं एक मॉडेल यादीत असतं आणि शेजारचं, दिसायला जुळं भावंड, नसतं. बाजारातल्या बहुतेक मॉडेलांची अशी चाचणी झाल्याचं कुठे प्रसिद्धच झालेलं नाही. भारतात १ जानेवारी २०२१ पासून बीपी मशीनं औषधांच्या कायद्याखाली आली, ते चांगलंच झालं. पण सरकारी परवाना आणि ही स्वतंत्र चाचणी या दोन निराळ्या गोष्टी, एक असली म्हणजे दुसरी असेलच असं नाही.

पास मशीन म्हणजेही बिनचूक मशीन नव्हे. नियमामागचा विचारच असा आहे, की निदान ८५ टक्के वेळा मशीन १० च्या आत बरोबर यावं. उरलेल्या १५ टक्क्यांत तुमचा दंड असू शकतो. याचं काय करायचं ते पुढे येतंच.

ब्लूटूथ, रंगीत पडदा, आकडा मोठ्याने बोलून दाखवणारा आवाज यांवर पैसे घालू नका. आवाजाचं तर मला कधीच कळलेलं नाही. घरभर आकडा ऐकू गेला की दुसरं मोजमाप चर्चेतच जातं. दृष्टी अधू असलेल्यांना तो उपयोगी, हे मान्य. त्याऐवजी आकडे साठवण्याची सोय, दोन माणसांसाठी दोन वेगळी खाती, अनियमित ठोक्यांची खूण आणि हव्या त्या मापाचा पट्टा सुटा मिळतो का, हे विचारा.

पट्ट्याचं माप

मशीन चांगलं, माणूस नीट बसलेला, तरी आकडा चुकतो तेव्हा बहुधा पट्टा चुकलेला असतो. मेडिकलवाला मशीनचा आवाज, वॉरंटी, सेल सगळं दाखवेल, दंडाचं माप घेणार नाही. ते आपणच घ्यायचं.

हात सैल सोडून उभं राहा. खांद्याचं हाड जिथे संपतं ते टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर पेनाने खूण करा. तिथे शिंप्याची टेप गुंडाळा, आवळू नका, सैलही सोडू नका. आलेला सेंटिमीटरचा आकडा मशीनच्या माहितीपत्रकावर लिहून ठेवा.

मोठ्यांसाठी मापं साधारण अशी धरतात: २२ ते २६ सेंटिमीटर दंडाला छोटा पट्टा, २७ ते ३४ ला मध्यम, ३५ ते ४४ ला मोठा, त्यापुढे जादा मोठा. कंपन्या आपापले आकडे थोडे वेगळे ठेवतात, काही पट्टे २२ ते ४२ अशा ऐसपैस पल्ल्याचे असतात. पट्ट्याच्या कडेला तो पल्ला छापलेला असतो, तोच प्रमाण मानायचा.

चुकीच्या पट्ट्याने किती फरक पडतो? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १९५ जणांवर हे तपासलं, अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जादा मोठा पट्टा लागणाऱ्यांना मध्यम पट्टा लावला तर वरचं बीपी सरासरी १९.५ ने जास्त आलं. मोठा पट्टा लागणाऱ्यांत ही वाढ ५ च्या आसपास होती. उलट बारीक दंडाला मध्यम पट्टा लावला की आकडा साडेतीनच्या आसपास कमी आला.

आपल्याकडे जाड दंडाची चर्चा होते, बारीक दंडाची होत नाही. काटकुळ्या आजींच्या दंडाचं माप सहज २० भरतं. खोक्यात आलेला पट्टा त्यांच्या दंडाभोवती गुंडाळून उरतो, वेल्क्रो भलतीकडेच चिकटतं, आणि मशीन बीपी कमी दाखवतं. घरचे खूश. अशांना त्यांचं माप ज्याच्या पल्ल्यात बसतं असा छोटा पट्टा वेगळा मागवा, तोही त्याच मशीनसाठी बनवलेला. दुसऱ्या कंपनीचा पट्टा नळीत बसला म्हणून चालत नाही, कारण सूत्र त्या विशिष्ट पट्ट्यावर बसवलेलं असतं.

पट्टा लावताना त्यावर दोन खुणा दिसतील. एक धमनीची, बहुधा बाण किंवा ठिपका. ती दंडाच्या आतल्या बाजूला, नाडी लागते त्या रेषेवर आली पाहिजे. नळी तळहाताकडे उतरते. दुसरी खूण पट्ट्याच्या टोकाला एक रेघ आणि आत छापलेला पल्ला. पट्टा गुंडाळल्यावर ती रेघ पल्ल्याच्या बाहेर गेली तर माप चुकलं, मोजूच नका. खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवा, आत दोन बोटं जातील इतकाच आवळा. उघड्या दंडावर लावा. शर्टाची बाही वर सरकवून तिचा घट्ट वळ दंडावर बसला असेल तर तो स्वतंत्र दोराच आवळल्यासारखा आहे. हात बाहीतून सरळ बाहेर काढा. घट्ट बाहीच्या ब्लाउजचंही तेच, मोजायच्या वेळी सैल गाऊन किंवा बिनबाहीचं काही घालणं सोपं पडतं.

बसायचं कसं

आपल्या घरांत मोजायची नेहमीची जागा दोनांपैकी एक: सोफा आणि समोर गुडघ्याएवढा टीपॉय, किंवा जमिनीवर मांडी घालून, हात मांडीवर. दोन्ही चुकीच्या.

हात हृदयाच्या रेषेखाली गेला की रक्ताच्या स्तंभाचं वजन आकड्यात मिसळतं. दर १० सेंटिमीटरला साधारण ८ ची वाढ, हे सरळ भौतिकशास्त्र आहे, मशीनचा त्यात दोष नाही. जॉन्स हॉपकिन्सचाच २०२४ चा अभ्यास आहे. टेबलावर नीट टेकवलेल्या हाताच्या तुलनेत मांडीवर ठेवलेल्या हातात वरचं बीपी जवळपास ४ ने जास्त आलं, लोंबकळता सोडलेल्या हातात साडेसहाने. त्यात पाठ टेकलेली नाही, पायावर पाय आहे, बोलणं चालू आहे, हे सगळं जमा होत जातं. नुसत्या बोलण्याने वरचा आकडा १० ने सहज चढतो.

म्हणून जेवणाच्या टेबलाशी, ताठ पाठीच्या खुर्चीवर बसा. पाठ टेकलेली, दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले, पाय सुटे. बुटक्या माणसाचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. हात टेबलावर, तळवा वर किंवा बाजूला, मूठ सैल. पट्ट्याचा मध्य छातीच्या मधल्या हाडाच्या मध्याच्या उंचीवर यायला हवा. टेबल बुटकं असेल तर कोपराखाली घडी घातलेली चादर किंवा उशी सरकवा. हात स्वतःच्या ताकदीने उचलून धरू नका, त्यानेही आकडा चढतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, विडी-सिगारेट, व्यायाम यांपैकी काही नको. तंबाखूची चिमूट दाढेत धरून मोजणारे आहेत, त्यांनाही हे लागू. लघवीला जाऊन या. तुंबलेल्या लघवीने बीपी चढतं. मग पाच मिनिटं शांत बसा. टीव्ही बंद, मोबाइल दूर. संध्याकाळच्या बातम्यांची चर्चा लावून मोजलेलं बीपी कुणाचं समजायचं हा प्रश्नच आहे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं आडवं मोजताना दंडाखाली लहान उशी द्या. हात गादीवर पडला तर तो हृदयाच्या रेषेखाली जातो.

कुठल्या हातात मोजायचं

पहिल्या वेळी दोन्ही हातांत मोजा, प्रत्येकी दोनदा, मध्ये मिनिटभर थांबून. वरच्या आकड्यात नेहमी १० पेक्षा जास्त फरक येत असेल तर ज्या हातात जास्त येतं तोच हात कायमचा. १५ पेक्षा जास्त फरक वारंवार दिसला तर डॉक्टरांना सांगा. हाताकडे जाणाऱ्या धमनीत अडथळा आहे का हे बघावं लागतं. फरक किरकोळ असेल तर कुठलाही हात चालेल, पण एकदा धरलेला सोडू नका.

आपल्या दंडावर मशीनची परीक्षा

मशीन यादीतलं आहे, पट्टा बरोबर आहे, तरी ते तुमच्या दंडावर बरोबर येतं का, हे तुमच्याच दंडावर बघावं लागतं. नवं मशीन घेतलं की एकदा आणि मग वर्षातून एकदा ते दवाखान्यात घेऊन जा. मशीन पडलं किंवा आकडे अचानक बदलले तर त्याच्या आधीच.

लोक इथे एक गोष्ट हमखास करतात: एका दंडाला घरचं मशीन, दुसऱ्याला दवाखान्याचं, आणि दोन्ही एकदम सुरू. दोन हातांचं बीपी मुळात वेगळं असू शकतं, शिवाय दोन्ही पट्टे एकदम आवळल्याने माणूस अस्वस्थ होतो तो वेगळाच. पाठोपाठ घेतलेल्या एकेकट्या आकड्यांची तुलनाही फसवी, कारण बीपी मिनिटामिनिटाला हलतं आणि पहिला आकडा बहुधा चढाच येतो. म्हणून अमेरिकेतल्या दवाखान्यांसाठी सुचवलेली पाच मोजमापांची रीत वापरा. एकच हात, एकच बैठक, प्रत्येक वेळी मध्ये मिनिटभर विश्रांती:

१. घरचं मशीन
२. घरचं मशीन
३. दवाखान्याचं मशीन
४. घरचं मशीन
५. दवाखान्याचं मशीन

पहिला आकडा सोडून द्या. दुसऱ्या आणि चौथ्याची सरासरी काढून तिसऱ्याशी ताडा, फक्त वरचा आकडा घेऊन. फरक ५ पर्यंत असेल तर मशीन बिनधास्त वापरा. ६ ते १० असेल तर आणखी एक हिशेब: तिसऱ्या आणि पाचव्याची सरासरी काढून चौथ्याशी ताडा, फरक १० च्या आत राहिला तर चालेल. पहिल्या किंवा दुसऱ्या हिशेबात १० च्या वर गेला तर त्या मशीनवर गोळ्या ठरवू नका.

समजा घरच्या मशीनने दुसऱ्यांदा १५० आणि चौथ्यांदा १४६ दाखवलं, सरासरी १४८. दवाखान्याचं तिसरं १४०. फरक ८, म्हणजे पुढच्या हिशेबाला जायचं. दवाखान्याचं पाचवंही १४० आलं तर त्यांची सरासरी १४०, आणि घरचं चौथं १४६. फरक ६. मशीन चालेल, पण डॉक्टरांच्या कागदावर टीप असावी की हे मशीन जरा वर दाखवतं. स्वतःच मनाने दरवेळी ६ वजा करत बसू नका; मशीन रोज तेवढंच चुकेल याची खात्री नसते.

दवाखान्याचं मशीन म्हणजे ब्रह्मवाक्य असंही नाही. पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारामुळे पाऱ्याची उपकरणं जगभर मागे पडत चालली आहेत आणि त्यांच्या जागी काट्याची, घड्याळासारखी तबकडी असलेली आली. ही पडली-आपटली की काटा सरकतो, आणि त्यांची सहा महिन्यांनी ते वर्षाने तपासणी व्हावी लागते. हवा पूर्ण सोडलेली असताना काटा शून्यावर नसेल तर तुलनेसाठी दुसरं मशीन मागा, संकोच करू नका. शेजाऱ्यांच्या मशीनशी तुलना मात्र कशालाच उपयोगी नाही. दोन अनोळखी माणसांची एकमेकांबद्दल साक्ष काढण्यासारखं ते होतं.

किरकोळ देखभाल पटकन सांगतो. पंप नेहमीपेक्षा जास्त वेळ घरघरत राहिला, पट्टा मध्येच ढिला पडला किंवा एरर वारंवार आली तर आधी नळीच्या दोन्ही टोकांना चीर आहे का बघा, मग वेल्क्रोत अडकलेले धागे काढा. सेल उतरले की एररही वाढते. नळी मशीनभोवती करकचून गुंडाळून ठेवू नका. पट्टा वर्षानुवर्षं वापरून कडक किंवा ढिला झाला की मशीन तेच ठेवून फक्त पट्टा बदलता येतो.

वहीतला आठवडा

डॉक्टरांकडे जाण्याआधीचे सात दिवस, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये मिनिटभर थांबून. सकाळचं उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहा-नाश्ता आणि बीपीची गोळी यांच्या आधी. संध्याकाळचं जेवणाआधी किंवा झोपण्याआधी. पहिला दिवस हिशेबातून काढून टाका, उरलेल्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढा. सात दिवस जमलेच नाहीत तर निदान तीन.

तीन दिवसांचं एक उदाहरण घेऊ, वरच्या आकड्यांपुरतं. पहिला दिवस रद्द. दुसऱ्या दिवशी सकाळी १४२, १३६ आणि संध्याकाळी १३०, १२६. तिसऱ्या दिवशी सकाळी १४०, १३४ आणि संध्याकाळी १३२, १२४. आठ आकड्यांची बेरीज १०६४, सरासरी १३३. घरच्या मोजमापाची रेघ १३५/८५ आहे, दवाखान्यातल्या १४०/९० च्या तोडीची. म्हणजे हा माणूस रेघेच्या आत आहे. त्याने फक्त सकाळचा पहिला १४२ लक्षात ठेवला असता तर आठवडाभर हवालदिल राहिला असता, आणि फक्त १२४ डॉक्टरांना सांगितला असता तर तेही तितकंच खोटं ठरलं असतं. गोळ्या चालू असलेल्यांचं लक्ष्य याहून खाली असू शकतं, ते डॉक्टरांकडून आकड्यांत विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

वहीत आकडे गोल करू नका, १३७ ला १४० लिहू नका. वाईट वाटलेला आकडा गाळू नका. ‘चुकलं असेल’ म्हणून पुन्हा पुन्हा मोजून मनाजोगता आकडा लिहिणं हा फार जणांचा छंद असतो. मशीनमध्ये साठलेले आकडे डॉक्टरांनी उघडले की तो उघडा पडतो. आणि बीपी ताब्यात असताना रोज दहा-बारा वेळा मोजू नका, मोजण्याच्या धास्तीनेच ते चढतं. ताब्यात असलेल्यांना आठवड्यातून एक-दोन दिवस पुरतं.

ज्यांचं गणित वेगळं

ठोके अनियमित असतील, डॉक्टरांनी एट्रियल फिब्रिलेशन म्हणून सांगितलं असेल, तर प्रत्येक धक्का वेगळ्या ताकदीचा येतो आणि सूत्र गोंधळतं. अशांनी दोनाऐवजी तीनदा मोजून सरासरी घ्यावी आणि मशीनची पडताळणी दवाखान्यात कानाने मोजणाऱ्याकडून करून घ्यावी. ज्यांना असं काही सांगितलेलं नाही पण पडद्यावर अनियमित ठोक्यांची खूण परत परत येते, त्यांनी ईसीजी काढून घ्यावा.

गरोदरपणात रक्तवाहिन्यांचं वागणं बदलतं, त्यामुळे इतरांवर पास झालेलं मशीन गरोदर बाईवर कमी दाखवू शकतं. स्ट्राइड बीपीच्या यादीत गरोदरपणासाठी चाचणी झालेली मॉडेलं वेगळी दिलेली आहेत, त्यांतलंच घ्या. लहान मुलांसाठीही तसंच.

डायलिसिससाठी ज्या हातात फिस्टुला (शस्त्रक्रियेने जोडलेली धमनी आणि शीर) केला आहे त्या हाताला पट्टा लावायचा नाही, कधीच. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या, त्या हाताबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

वय झालेल्या, मधुमेह असलेल्या किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणाऱ्या माणसाचं बीपी बसून मोजल्यावर उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, शेजारी कुणीतरी हात धरायला असताना. वरचा आकडा २० किंवा जास्त घसरला तर बसल्या स्थितीतला ‘मस्त’ आकडा पुरेसा नाही. पडून खुब्याचं हाड मोडण्याआधी हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

आकडा एकदम चढला तर

वरचं १८० किंवा खालचं १२० च्या पुढे दिसलं आणि माणसाला काहीही होत नसेल, तर पट्टा सोडा, पाच मिनिटं शांत बसू द्या, पट्ट्याची जागा, हात आणि पाठ तपासा आणि पुन्हा मोजा. पुन्हा तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. घरातल्या दुसऱ्या कुणाची गोळी देऊ नका, चुकलेली गोळी दुप्पट करू नका. बीपी झपाट्याने खाली आणणंही मेंदूला महागात पडतं.

छातीत दुखतंय, धाप लागली आहे, तोंड वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय, हात-पाय लुळा पडलाय, दिसेनासं झालंय किंवा आयुष्यात कधी दुखलं नव्हतं इतकं डोकं दुखतंय, यांपैकी एकही असेल तर पुन्हा मोजण्यात वेळ घालवू नका, मग आकडा १८० असो की १५०. १०८ ला फोन करा. वही आणि चालू गोळ्यांची पाकिटं मात्र बरोबर घ्या. गोळ्यांची नावं घाईत कुणालाच आठवत नाहीत.